पिल्लासकट अस्वल

माझे पाय सपाट आहेत. हे मी कबूल करत नाहीये, नुसतं सांगतोय. कबूल गुन्हे करायचे असतात. माझ्या वडिलांचे पाय सपाट होते, आजोबांचेही होते, आणि त्याच पायांवर उभं राहून आजोबांनी जन्मभर जंगलात लाकूड तोडलं. अंघोळ करून मी बाहेर आलो की फरशीवर जो उमटतो तो पाय नसतो, पॅनकेक असतो. (हे माझ्या बायकोचं, कॉलीनचं म्हणणं. तिच्या पायाला अशी कमान आहे की खालून मांजर जाईल.) तरीही लार्च फॉल्सच्या नगर कार्यालयात मी रोज चालत जातो आणि खिडकीमागे बसून लोकांची पाण्याची बिलं, कुत्र्यांचे परवाने आणि शिव्या घेतो. आजवर एकानेही मला पाय दाखवा म्हटलेलं नाही.

म्हणून आमची फ्रेया झाली आणि तिचे पाय माझ्यावर गेलेत असं दिसलं तेव्हा मला मनातून बरंच वाटलं. नाक, डोळे, केस, हट्टीपणा, सगळं तिने आईकडून उचललं होतं. माझ्याकडून घेण्यासारखं तिला तेवढंच सापडलं होतं.

यंदा जूनमध्ये सासूबाई राहायला आल्या. त्यांचं नाव डोरीन. केलोनाला, त्यांच्या गावी, स्वयंपाकघराचं काम निघालं होतं आणि काम करणारा माणूस भिंत पाडून मासे धरायला निघून गेला होता. त्या आल्या त्याच दुपारी फ्रेया अंगणात पाण्याच्या फवाऱ्यात नाचली आणि तशीच लाकडी डेकवर धावत आली. डोरीननी चष्मा पुसला, डेककडे पाहिलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

"पाय," फ्रेया म्हणाली.

"पायाला मधे बाक असतो, बाळा. हा तर पाटा आहे."

पाटा म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी लगेच पाय खुर्चीखाली घेतले.

दुसऱ्याच दिवशी बूट आले. तपकिरी, घोट्याच्या वर जाणारे, आत तळव्याला टेंगूळ असलेले, आणि इतके कडक की टेबलावर ठेवले तर टेबलच नरम वाटावं. डोरीन लहान असताना त्यांच्या आईने त्यांना तसेच बूट घातले होते, आणि म्हणून त्यांचे पाय सुधारले, असं त्यांचं ठाम मत होतं. (ते सुधारलेले पाय आम्ही कुणी कधी पाहिले नव्हते. सासूबाई मोज्यांच्या बाबतीत कडक आहेत.)

आम्ही आधी डॉक्टरांकडे गेलो नाही, असं नाही. डॉक्टर बाईंनी फ्रेयाला चवड्यांवर उभं राहायला सांगितलं. ती उभी राहिली आणि तिच्या तळव्याखाली अशी झकास कमान आली की मलाच हेवा वाटला.

"दुखतं का गं?"

"नाही."

"पळते का?"

"थांबतच नाही," कॉलीन म्हणाली.

"मग पळू द्या. घरात, अंगणात अनवाणी चालू द्या. एवढ्या वयाच्या पुष्कळ मुलांचे पाय असेच असतात. बऱ्याच जणांची कमान पुढे भरते, काहींची नाही भरत. दुखत नसेल आणि पाय असा लवचिक असेल तर दोघांचंही छान चालतं. दुखायला लागलं, पाय ताठर झाला, तर लगेच आणा."

हे मी घरी येऊन शब्दशः सांगितलं. डोरीन म्हणाल्या, "किती वर्षांची आहे ती डॉक्टर? माझ्या पायातल्या सपाता तिच्यापेक्षा जुन्या आहेत."

मी भांडायला उभाच राहिलो होतो. पण कॉलीनने मला स्वयंपाकघरात ओढलं. "लाइल, आई जाईपर्यंत घालू दे. एका महिन्याचा तर प्रश्न आहे."

एक महिना म्हणे. तो महिना जून होता, आणि जूनमध्ये आमच्या शाळेचा स्पोर्ट्स डे असतो. ओढ्याकाठच्या मैदानाला पूर्ण फेरी मारायची ती शर्यत फ्रेयाच्या डोक्यात बर्फ वितळल्यापासून होती. बूट घालून तिने शाळेत सराव केला तेव्हा ती सगळ्यांच्या मागे राहिली, वळणावर पडली आणि टाचेला फोड घेऊन घरी आली. रात्री पांघरूण घालताना ती मला म्हणाली, "डॅडी, त्या बुटांत माझे पाय माझे वाटत नाहीत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. (सपाट पायाचीही जाते.) मी तिथल्या तिथे एक छोटासा निर्णय घेतला, आणि पुढचं सगळं त्या निर्णयाने केलं.

दुसऱ्या दिवसापासून उजाडता उजाडता, डोरीन जाग्या व्हायच्या आत, आम्ही बापलेक मागच्या दाराने सटकू लागलो. अनवाणी. बूट पलंगाखाली. घरांच्या मागून जी कच्ची लेन ओढ्याकडे जाते तिच्यावर पुराचं पाणी ओसरून मऊसूत गाळ बसला होता. त्यात पाय टाकला की बोटांमधून चिखल असा वर यायचा की मला सात वर्षांचं झाल्यासारखं वाटायचं. वळण ओलांडलं की आम्ही मोठमोठ्याने गाणी म्हणायचो, कारण आमच्याकडे अस्वलं फार; माणसाचा आवाज आला की ती बिचारी आपण होऊन वाट सोडतात. (माझा आवाज ऐकून तर गावच सोडतील, असं फ्रेयाचं मत.) जाताना ती पुढे पळायची. येताना हातात काडी घेऊन मागे रेंगाळायची आणि मी पुढे. रोज ती जरा जास्त पळत होती. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाविरुद्ध तरी कट करत होतो आणि मला ते फार आवडलं होतं.

आणि मग एका सकाळी कार्यालयातला फोन वाजला. लेनच्या टोकाला राहणाऱ्या मिसेस हाल्वर्सन होत्या.

"लाइल, लेनमध्ये अस्वल येऊन गेलंय. पिल्लासकट."

इथे सांगायला हवं की लार्च फॉल्समध्ये अस्वलांचं खातं माझ्याकडे आहे. म्हणजे अस्वलं नाहीत, त्यांच्याबद्दलच्या सूचना. 'कचऱ्याचा डबा आदल्या रात्री बाहेर ठेवू नये' हे जे प्रत्येक खांबावर लावलेलं आहे, ते माझं लेखन आहे. पिल्लासकट अस्वल म्हणजे तर सगळ्यात वाईट; पिल्लू मधे आलं की ती आई काही ऐकून घेत नाही. मी टोपी घातली आणि निघालो.

लेनमध्ये मिसेस हाल्वर्सन चार शेजाऱ्यांना घेऊन उभ्या होत्या. त्यांचा डबा आडवा पडला होता आणि गाळात पावलं स्पष्ट उमटली होती. मोठी आणि त्यांच्या शेजारी छोटी. रुंद, सपाट, आणि प्रत्येक बोटापुढे नखाचा लांब ओरखडा. मी गुडघ्यावर बसलो. लोक बघत होते, तेव्हा काहीतरी बोलणं भाग होतं.

"मादी आहे," मी म्हणालो.

"वजन किती असेल?"

"दीडशे किलो तरी. वय झालेलं आहे. चाल आळशी. उजवा पाय जरा फाकवून टाकते. पोटाने जड दिसते, आणि फारशी हुशार वाटत नाही."

"हे सगळं पावलांवरून कळतं?"

"अनुभव लागतो," मी म्हणालो आणि गुडघा झटकत उठलो.

उठताना माझ्या लक्षात एक गोष्ट आली. आज सकाळी आम्ही दोघं इथूनच गेलो होतो. आणि आमच्या पावलांचे ठसे कुठेच नव्हते. एकही नाही. याचा अर्थ एकच होता: ते अस्वल आमच्या मागोमाग चालत आलं होतं, आमच्या प्रत्येक पावलावर बरोबर पाऊल टाकून, आणि पिल्लाने फ्रेयाच्या. मी गात असताना. (दुसरा अर्थ निघू शकतो हे माझ्या मनाला शिवलंही नाही. मी गावाचा अस्वलतज्ज्ञ होतो.)

कार्यालयात परत येऊन मी सूचना लिहिली. लेन बंद. ओढ्याची वाट बंद. शाळेचं मैदान बंद. वन्यजीव खात्याच्या ऑडेटबाईंना फोन केला. त्या दूरच्या खोऱ्यात होत्या, उद्या सकाळी येते म्हणाल्या. दुपारी मुख्याध्यापकांचा फोन आला. मैदान बंद म्हणजे स्पोर्ट्स डे रद्द. सुट्टी लागायच्या आत दुसरा दिवस मिळत नाही.

त्या संध्याकाळी जेवणाला ट्यूना मासा घालून भट्टीत भाजलेलं कॅसरोल होतं आणि फ्रेयाने त्याला हातही लावला नाही.

"बरंच झालं," डोरीन म्हणाल्या. "त्या पायांनी पळून उगाच हसं झालं असतं. पुढच्या वर्षी, कमान आली की पळ हं."

फ्रेयाने काटा खाली ठेवला. "माझे पाय चांगले आहेत."

"चांगलेच आहेत गं. सपाट आहेत, इतकंच."

"सपाट आहेत आणि चांगले आहेत," ती म्हणाली आणि रडायला लागली. बूट घातलेल्या मुलीला पाय आपटत जाता येत नाही. ती खुर्च्यांना धरून धरून निघून गेली. मला ते कॅसरोल उचलून शेजाऱ्यांच्या अंगणात टाकावासा वाटला.

भांडी पुसायला ती स्वयंपाकघरात आली तेव्हा मी दार लोटलं आणि हळूच म्हणालो, "हे बघ, मैदान उगाच बंद नाही केलं. आज सकाळी अस्वल आपल्या मागे होतं. पिल्लूसुद्धा होतं."

तिचे डोळे मोठे झाले. "कुठे?"

"लेनमध्ये. पावलं मी स्वतः पाहिली. एवढी मोठी. पुढे लांब लांब नखं."

"नखं काडीने ओढल्यासारखी होती?"

"हो. तुला कसं..."

"ती मी काढली, डॅडी. तुझ्या पावलांना पण काढली. आपण अस्वलं झालो होतो ना. मी मागे होते म्हणून तुला दिसलं नसेल."

माझ्या हातातली बशी सुटली. आवाज ऐकून कॉलीन आत आली. तिला सगळं सांगितलं, अनवाणी फिरण्यासकट, आणि ती फ्रीजला पाठ टेकून हळूहळू खाली बसली आणि तोंडात टॉवेल कोंबून हसली. "दीडशे किलो," एवढंच ती मधून मधून म्हणत होती. डबा कुणी पाडला होता? तर कावळ्यांनी, नेहमीसारखा.

मग तिने डोळे पुसले. "उद्या सांगणार आहेस ना?"

"आईंसमोर?"

"सगळ्यांसमोर. नाहीतर फ्रेया पळणार नाही."

मला झोप आली नाही. गप्प बसलो तर मी अस्वलतज्ज्ञ राहत होतो, घरात शांतता राहत होती, आणि माझी मुलगी कुंपणाबाहेर राहत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात. मी तर पाय दाखवून करून बसलो होतो.

सकाळी कार्यालय उघडायच्या आधीच लोक दारात होते. मिसेस हाल्वर्सन होत्या, मुख्याध्यापक होते, आणि गावाने अस्वलांना डोक्यावर चढवून ठेवलंय अशी तक्रार करायला डोरीन होत्या, फ्रेयाला शाळेत सोडायच्या वाटेवर. फ्रेया बुटांत. ऑडेटबाई लेनमधून थेट आल्या आणि माझ्या खिडकीसमोर त्यांनी प्लास्टरचे दोन ठसे ठेवले. एक मोठा, एक छोटा.

"एक अडचण आहे," त्या म्हणाल्या. "अस्वलाचं सगळ्यात मोठं बोट बाहेरच्या बाजूला असतं. याचं आतल्या बाजूला आहे."

"म्हणजे त्याचे पाय उलटे आहेत?" मिसेस हाल्वर्सननी विचारलं.

"किंवा ते अस्वल नाही."

फ्रेया माझ्याकडे बघत होती. तिचा हात हळूहळू वर जायला लागला, वर्गात उत्तर येतं तेव्हा जातो तसा. तो पूर्ण वर जायच्या आत मी उभा राहिलो. निदान एवढं तरी बापाने आधी बोलावं असं मला वाटलं.

"तो माझा पाय आहे," मी म्हणालो. "आणि छोटा तिचा."

कुणाचाच विश्वास बसला नाही. "अरे, काल तूच म्हणालास मादी आहे म्हणून," मिसेस हाल्वर्सन म्हणाल्या.

"म्हणालो."

"दीडशे किलो."

"अंदाज होता."

"आणि फारशी हुशार नाही."

"तेवढं बरोबर निघालं."

मी खिडकीमागून बाहेर आलो. बूट काढला, मोजा काढला (भोक होतं, असायचंच), फरशी पुसायच्या बादलीत पाय बुडवला आणि सगळ्यांच्या देखत जमिनीवर ठेवला. ऑडेटबाईंनी ठसा शेजारी धरला. मग त्या तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्यांचे खांदे हलत होते.

डोरीन हसल्या नाहीत. "लाइल, या मुलीला तू अनवाणी हिंडवलंस? आणि बूट?"

"पलंगाखाली होते," मी म्हणालो. एकदा पाय उघडा पडल्यावर लाज कसली. "रोज होते. तुमच्या बुटांनी तिच्या टाचेला फोड आलाय, डोरीन, आणि मनाला त्याहून मोठा आलाय. तिच्या पायांना काही झालेलं नाही. डॉक्टर म्हणाल्या नाही, ती म्हणते नाही, आणि आमच्या घराण्यात याच पायांनी माणसं जन्मभर उभी राहिली. यापुढे ती हे बूट घालणार नाही. तुम्हाला राग आला तरी नाही."

सासूबाईंशी मी लग्नानंतर एवढं सलग कधी बोललो नव्हतो. माझे तळवे जमिनीला घट्ट होते.

तोवर फ्रेयाने बाकावर बसून नाड्या सोडल्या होत्या. बादलीत पाय बुडवून ती माझ्या ठशाशेजारी उभी राहिली, आणि मग आजीकडे बघत चवड्यांवर उभी राहिली. "बघ नॅना. कमान आहे. लागते तेव्हा येते."

डोरीन वाकून बघत राहिल्या. मग बाकावर बसल्या. मला वाटलं चक्कर आली. पण त्यांनी चप्पल काढली, मोजा काढला, मुख्याध्यापकांना तोंड तिकडे करा म्हणाल्या, आणि पाय बादलीत घालून जमिनीवर टेकवला.

पाटा. टाचेपासून बोटांपर्यंत सलग.

त्यांनी त्या ओल्या डागाकडे खूप वेळ पाहिलं. "मी शाळाभर घातले ते बूट," त्या म्हणाल्या. "स्पोर्ट्स डेला मी कुंपणापाशी सगळ्यांचे कोट धरून उभी असायची. आई म्हणायची, कमान आली की पळ." मग म्हणाल्या, "मला वाटायचं आली असेल. मी परत कधी बघितलंच नाही."

मला एकदम वाईट वाटलं. भांडायला घेतलेला सगळा दम तसाच छातीत राहिला आणि त्याचं काय करावं ते कळेना.

"नॅना, तुझा पाय माझ्यासारखाच आहे," फ्रेया म्हणाली.

"तुझा माझ्यासारखा आहे," डोरीननी दुरुस्त केलं. "मी आधी आले."

म्हणजे बघा. मुलीला माझ्याकडून मिळालेली म्हणून जी एकुलती एक गोष्ट मी सात वर्षं मिरवत होतो, तिच्यावरही आता सासूबाईंनी हक्क सांगितला.

स्पोर्ट्स डे झाला. फ्रेया जुन्या कॅनव्हासच्या बुटांत धावली, वळणावर पडली नाही, आणि शेवटून दुसरी आली. आनंदाने तिने दोन फेऱ्या जास्त मारल्या. मोठ्या माणसांच्या शर्यतीत डोरीननी भाग घेतला, अनवाणी, मुख्याध्यापक नको नको म्हणत असताना. त्या कितव्या आल्या ते विचारू नका. मधेच थांबून त्यांनी लोकांकडे बघून हात हलवला होता. मी नीट पाहिलं नाही, कारण मी कुंपणापाशी सगळ्यांचे कोट धरून उभा होतो. ते बूट आता आम्ही गराजचं दार अडवायला वापरतो, आणि दार अजिबात हलत नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण जुलैत एका गुरुवारी मी कचऱ्याचा डबा आदल्या रात्रीच बाहेर ठेवला. (पहाटे उठायचा कंटाळा. खांबावरची सूचना मी लिहिलीय, वाचलेली नाही.) सकाळी पडदा सारला तर दारातच एक काळं, खरंखुरं, लठ्ठ अस्वल डब्यातलं कॅसरोल खात बसलं होतं. मी बाथरूममध्ये कडी लावून ऑडेटबाईंना फोन केला.

"लाइल," त्या शांतपणे म्हणाल्या, "आधी खाली वाकून बघ. तुझे दोन्ही पाय घरात आहेत का?"

त्या आल्या तोवर अस्वल कंटाळून निघून गेलं होतं. घाईत अनवाणीच बाहेर आलेला मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. ओल्या मातीत त्याचं पाऊल होतं आणि पलीकडे माझं. त्यांनी दोन्ही नीट निरखली.

"हे मात्र अस्वलच," त्या म्हणाल्या.

"बोटावरून ओळखलंत?"

"बोटावरूनही. पण हे बघ, काळ्या अस्वलाच्या मागच्या तळव्याला आतल्या बाजूने एक खाच असते. कमान म्हण हवं तर. अगदी थोडी, पण असते." त्यांनी एकदा माझ्या पायांकडे पाहिलं आणि वहाणा घालायची खूण केली. "तुला तेवढीही नाही."